ना सरकारचे, ना सिनॅगॉगचे

बर्लिनमध्ये ६ मे १८७२ रोजी एक विद्यालय सुरू झाले. शिक्षक चार, जागा भाड्याची आणि सरकारी अनुदान शून्य. नाव मात्र भारदस्त होते : 'होखशूले फ्युअर दी विसेनशाफ्ट डेस युडेनटुम्स', म्हणजे ज्यू धर्म, इतिहास आणि साहित्य यांच्या शास्त्रीय अभ्यासाचे उच्च विद्यालय. लोकांच्या तोंडी ते नुसते 'होखशूले' झाले. पुढची सत्तर वर्षे ते चालले. त्या काळात त्याच्या बाकांवर फ्रान्झ काफ्का बसला, जगातली पहिली स्त्री रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, तिथे शिकली, आणि शेवटचा वर्ग नाझी राजवटीत भरला.

संस्थापकांनी घटनेत एक गोष्ट पक्की करून ठेवली होती. इथला अभ्यास केवळ ज्ञानासाठी होईल आणि राज्य, ज्यू समाजाची पंचायत किंवा सिनॅगॉगचे अधिकारी यांपैकी कोणाचाही त्यावर अंकुश असणार नाही. शिक्षकाने कोणत्या पंथाचे असावे, याची अट नव्हती. सनातनी माणूस तालमुद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ शिकवू शकत होता आणि शेजारच्या खोलीत सुधारक माणूस बायबलची चिकित्सा करू शकत होता. रब्बी घडवणाऱ्या संस्थेने असे स्वातंत्र्य स्वतःहून पत्करणे त्या काळात फार मोठ्या धाडसाचे होते. संस्थेच्या साऱ्या कर्तृत्वाचे मूळ या कलमात आहे, आणि तिच्या हालअपेष्टांचेही.

मुळात अशी वेगळी संस्था काढायची वेळ का आली? बर्लिन विद्यापीठात ख्रिस्ती धर्मशास्त्राची विद्याशाखा सरकारी खर्चाने चालत होती. हिब्रू भाषाही तिथे शिकवली जाई, पण 'जुना करार' वाचण्यापुरती. त्यानंतरच्या सुमारे दोन हजार वर्षांत ज्यूंनी जे लिहिले, ज्यावर वाद घातले, जे कायदे आणि ज्या प्रार्थना रचल्या, त्यांना विद्यापीठात जागाच नव्हती. लेओपोल्ड झुन्झ यांनी आधुनिक ज्यू संशोधनाचा पाया घातला होता. १८४८ मध्ये, युरोपभर क्रांतीचे वारे वाहत असताना, त्यांनी ज्यू इतिहास आणि साहित्य यांचे अध्यासन बर्लिन विद्यापीठात निर्माण करावे असा अर्ज केला. विद्यापीठाने तो फेटाळला.

त्याआधीच, १८३० च्या दशकात, अब्राहम गायगर या तरुण रब्बीने ज्यू धर्मशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा हवी, असा लेख लिहिला होता. गायगर म्हणजे विलक्षण बुद्धीचा माणूस. कुराणात ज्यू परंपरेतले काय काय आले, या विषयावर त्यांनी तेविसाव्या वर्षी पुस्तक लिहिले. १८९८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले ते आपल्याकडे, मद्रासला. रब्बी म्हणून ते सुधारक होते. धर्मसुद्धा काळाबरोबर बदलत आला आहे, आणि हे अभ्यासाने दाखवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. १८३७ मध्ये लुडविग फिलिपसन या संपादकाने विद्याशाखेसाठी वर्गणीची हाक दिली, पण पुरेसा पैसा उभा राहिला नाही.

मग ब्रेस्लाऊ शहरातल्या योनास फ्रेंकेल या धनिकाच्या मृत्युपत्रातून पैसा आला आणि १८५४ मध्ये तिथे रब्बींसाठी जर्मन भूमीवरचे पहिले आधुनिक विद्यालय उघडले. गायगर त्याच शहरात रब्बी होते आणि या कल्पनेसाठी वर्षानुवर्षे झटत होते. पण प्रमुखपद त्यांच्याकडे आले नाही. ते अधिक मध्यममार्गी असलेल्या झखारियास फ्रांकेल यांना मिळाले. गायगर फार पुढचे बोलतात, अशी भीती होती. ज्याने स्वप्न पाहिले त्यालाच दाराबाहेर ठेवल्याचा हा धडा बर्लिनच्या संस्थापकांच्या डोळ्यांसमोर होता. पंथाची अट नको, हे कलम त्यांना सुचले याचे नवल वाटायला नको. होखशूले सुरू झाले तेव्हा गायगर बासष्टीला आले होते. ऑक्टोबर १८७४ मध्ये ते वारले. उभा जन्म ज्या संस्थेसाठी घालवला, तिथे त्यांना अवघी अडीच वर्षे शिकवता आले.

या संस्थेला विरोधही होता, आणि तो केवळ सनातन्यांचा नव्हता. हिब्रू हस्तलिखितांच्या सूची करण्यात हयात घालवणारे मोरित्स श्टाइनश्नायडर बर्लिनमध्येच राहत होते, पण ते होखशूलेपासून दूर राहिले. ज्यू विद्येची जागा विद्यापीठात आहे. तिच्यासाठी वेगळे घर बांधणे म्हणजे नवी वेस उभारून आपणच आत बसणे, असे ते मानत. तत्त्व म्हणून त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. पण विद्यापीठाचे दार उघडण्याची वाट पाहत बसले असते, तर दोन-तीन पिढ्यांना शिकायला जागाच उरली नसती. इतिहासाने तरी होखशूलेच्या बाजूने कौल दिला आहे.

कारभाराची सूत्रे मोरित्स लाझारुस या तत्त्वज्ञाकडे होती. त्यांचे मेहुणे हेमान श्टाइनथाल पहिल्या चार शिक्षकांपैकी एक. श्टाइनथाल हे युरोपात नावाजलेले भाषाशास्त्रज्ञ. तरी ज्यू असल्यामुळे बर्लिन विद्यापीठात त्यांना पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही. १८७९ च्या नोव्हेंबरात हाइनरिख फॉन ट्राइट्श्के या प्रतिष्ठित इतिहासकाराने ज्यूंविरुद्ध जहरी लेख लिहिला आणि ज्यूद्वेषाला विद्वत्तेची झूल चढवली. २ डिसेंबरला होखशूलेच्या सभेत लाझारुस यांनी त्याला उत्तर दिले. राष्ट्र रक्ताने ठरत नाही, माणसे स्वतःला कोणत्या समूहाची मानतात यावर ते ठरते, हा त्यांचा मुद्दा होता. हे भाषण विद्यापीठात झाले नाही, एका लहान खासगी विद्यालयात झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सरकारच्या अंकुशाबाहेर राहण्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १८८३ मध्ये प्रशियाच्या सरकारने 'होखशूले' ही पदवी काढून घेतली आणि संस्थेला 'लेरआन्श्टाल्ट', म्हणजे साधी शिक्षणसंस्था, म्हणवून घ्यायला लावले. शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच. दर्जा मात्र कागदावर एक पायरी खाली आला. पहिल्या महायुद्धानंतर लोकशाही आली तेव्हा जुने नाव परत मिळाले, आणि नाझींनी १९३४ मध्ये ते पुन्हा हिरावले. कागदावरची ही पायरी पुढे एका माणसाच्या जिवावर उठली. ती हकिकत पुढे येईलच.

विद्यार्थी सहसा दोन ठिकाणी शिकत. डॉक्टरेटसाठी विद्यापीठात आणि तालमुद, मिद्राश (धर्मग्रंथांवरची जुनी भाष्ये), ज्यू इतिहास यांसाठी इथे. काही जण गरीब पूर्व युरोपातून येत, काही थेट अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून. रुमानियातून आलेले सॉलोमन शेख्टर १८७९ पासून इथे शिकले. ऑक्सफर्डहून आलेला क्लॉड मॉन्टेफिओरे हा श्रीमंत घरचा तरुण त्यांना इथेच भेटला आणि १८८२ मध्ये त्यांना आपला शिक्षक म्हणून इंग्लंडला घेऊन गेला. पुढे शेख्टर यांनी कैरोच्या एका जुन्या सिनॅगॉगच्या कोठडीतून लाखाहून जास्त हस्तलिखित तुकडे केंब्रिजला आणले आणि मध्ययुगीन ज्यू जगाचा इतिहास नव्याने लिहिला जाऊ लागला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे पहिले कुलपती ज्युडा मॅग्नेस हेही बर्लिनच्या याच शाळेत शिकलेले.

मॉन्टेफिओरेंचा धागा थेट मुंबईपर्यंत पोचतो. १९०२ मध्ये त्यांनी आणि लिली मॉन्टेग्यू यांनी लंडनमध्ये 'ज्युइश रिलिजस युनियन' ही उदारमतवादी चळवळ सुरू केली. लंडनला वैद्यकीचे उच्च शिक्षण घेणाऱ्या जेरुशा झिराड या बेने इस्रायल डॉक्टरांना ती भावली. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९२५ मध्ये त्याच नावाची संस्था मुंबईत उभी केली. तिचे सिनॅगॉग 'रोदेफ शालोम' म्हणून ओळखले जाते. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून डॉ. झिराड अनेकांना माहीत आहेत, १९६६ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण कोकणातल्या तेलघाण्यांशी नाते सांगणाऱ्या मराठीभाषक ज्यू समाजात बर्लिनमध्ये रुजलेला विचार त्यांनी आणला, हे फारसे सांगितले जात नाही. जगभरच्या उदारमतवादी ज्यूंच्या महासंघाची धुरा पहिल्यांदा मॉन्टेफिओरेंकडे होती, आणि १९३८ मध्ये त्यांच्यानंतर ती होखशूलेत शिकवणाऱ्या लेओ बेक यांच्याकडे आली.

स्वतःच्या इमारतीसाठी संस्थेला पस्तीस वर्षे थांबावे लागले. १९०७ च्या ऑक्टोबरात आर्टिलरीश्ट्रासे या रस्त्यावर १४ क्रमांकाची वास्तू उघडली. त्याच रस्त्यावर एज्रीएल हिल्डेसहाइमर यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेले सनातनी रब्बी विद्यालयही होते. दोन टोकांच्या विचारांची दोन विद्यालये एकाच रस्त्यावर, आणि दोन्हीकडे तालमुदच उघडलेला.

नव्या वास्तूत संस्थेचे सोन्याचे दिवस आले. मारबुर्ग विद्यापीठातून निवृत्त झालेले हेर्मान कोहेन १९१२ मध्ये बर्लिनला आले आणि १९१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे शिकवत राहिले. कांटच्या तत्त्वज्ञानाचा हा मोठा भाष्यकार. पगाराची आणि प्रतिष्ठेची सारी पदे भोगून झाल्यावर उतारवयात त्यांनी आपल्या धर्माचा तत्त्वज्ञ म्हणून विचार इथे मांडला. १९१३ मध्ये त्यांच्या वर्गात फ्रान्झ रोझेन्त्स्वाइग येऊन बसला. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावर असलेला हा तरुण पुढे विसाव्या शतकातला अव्वल ज्यू तत्त्वज्ञ ठरला. इस्मार एल्बोगेन यांनी ज्यू प्रार्थनेचा इतिहास लिहिला. १९१३ चे ते पुस्तक अभ्यासक अजून उघडतात. लेओ बेक हे इथलेच विद्यार्थी. १९१३ पासून ते मिद्राश आणि प्रवचनकला शिकवू लागले.

१९२३ च्या हिवाळ्यात जर्मन मार्क कोसळला. नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. या काळात क्षयाने पोखरलेला काफ्का प्राग सोडून आपली सोबतीण डोरा डायमंट हिच्याबरोबर बर्लिनच्या उपनगरात राहत होता. तब्येत बरी असेल त्या दिवशी तो शहरात येई आणि होखशूलेत हिब्रू आणि तालमुदचे धडे ऐके. डिसेंबरात एका मित्राला त्याने पत्रातून कळवले, की या खवळलेल्या शहरात ही जागा आपल्यासाठी शांततेची आहे. चांगले वर्ग, मोठे ग्रंथालय, खोल्या ऊबदार, विद्यार्थी थोडे आणि सगळे फुकट, हेही त्याने नोंदवले. आपण काही रीतसर विद्यार्थी नाही, पूर्वतयारीच्या वर्गातले आहोत, असेही तो सांगतो. कोळसा परवडत नव्हता अशा हिवाळ्यात त्याने खोल्यांच्या उबेचा आवर्जून उल्लेख करावा, हे समजण्यासारखे आहे. जून १९२४ मध्ये तो गेला.

त्याच वर्षी रेगीना योनास विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. फिरत्या विक्रेत्याची मुलगी, लहानपणीच वडील गेलेली, राहायला बर्लिनच्या गरीब वस्तीत. होखशूलेत मुलींना प्रवेश होता, पण तो धर्मशिक्षिका होण्यासाठी. योनासला रब्बी व्हायचे होते. अंतिम प्रबंधासाठी तिने विषयच तो घेतला : स्त्री रब्बीपद धारण करू शकते का? घरात ती सनातनी वळणाने राहत असे, आणि प्रबंधातली वाटही तिने धर्मशास्त्राचीच धरली. समानतेचा आधुनिक युक्तिवाद तिने पुढे केला नाही. तालमुद आणि हालाखा, म्हणजे ज्यू धर्मनियम, यांतले दाखले एकेक तपासत तिने निष्कर्ष काढला, की लोकांचा पूर्वग्रह आणि सवयीचा अभाव सोडला तर स्त्रीच्या आड येईल असे नियमांत जवळजवळ काही नाही.

तालमुदचे प्राध्यापक एडुआर्ड बानेत यांनी प्रबंध चांगल्या शेऱ्याने उत्तीर्ण केला. पण १९३० मध्येच त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या जागी तालमुद शिकवणाऱ्या खानोख आल्बेक यांनी स्त्रीला रब्बीची दीक्षा द्यायला नकार दिला. योनासला धर्मशिक्षिकेचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावे लागले. कोणाच्याही अंकुशाखाली नसलेल्या संस्थेनेसुद्धा इथे कच खाल्ली, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न विचारायची मोकळीक तिने दिली, उत्तर मात्र अमलात आणले नाही. २७ डिसेंबर १९३५ रोजी मॅक्स डीनेमान या उदारमतवादी रब्बींनी ओफेनबाखला योनासला खासगीरीत्या दीक्षा दिली. अनेक रब्बी देश सोडून गेले असताना तिने म्हाताऱ्यांची घरे, इस्पितळे, ओस पडत चाललेली सिनॅगॉग अशा ठिकाणी काम केले. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिला टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेले आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झला. तिथे तिची हत्या झाली. १९७२ मध्ये अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाल्या तेव्हा जगाने त्यांनाच पहिल्या स्त्री रब्बी मानले. योनासची कागदपत्रे पूर्व बर्लिनमधल्या एका संग्रहात पडून होती. भिंत कोसळल्यानंतर, १९९१ मध्ये, ती एका संशोधिकेच्या हाती लागली.

नाझी सत्तेवर आल्यावर विद्यापीठांतून ज्यूंची हकालपट्टी सुरू झाली आणि होखशूलेचे काम एकाएकी वाढले. विद्यापीठाची दारे बंद झालेल्या मुलांसाठी इथे इतिहास, तत्त्वज्ञान असे सर्वसाधारण विषयही शिकवले जाऊ लागले. श्टाइनश्नायडर ज्याला नवी वेस म्हणत होते, ती आता शेवटची ओसरी झाली. वॉर्सोहून आलेले अब्राहम जोशुआ हेशेल इथून १९३४ मध्ये बाहेर पडले. तीस वर्षांनी अमेरिकेत सेल्माच्या नागरी हक्क मोर्चात ते मार्टिन लूथर किंग यांच्याबरोबर चालले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध झालेल्या जाळपोळीनंतर एमिल फाकेनहाइम यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना झाक्सेनहाउझेनच्या छावणीत टाकण्यात आले. एल्बोगेन त्याच वर्षी अमेरिकेला गेले.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजने जर्मनीतल्या ज्यू विद्वानांना नोकऱ्या देऊन बाहेर काढायचा प्रयत्न चालवला होता. प्राध्यापकांना ठरीव कोट्याबाहेर व्हिसा देण्याची कायद्यात सोय होती. हेशेल तसे सुटले. आर्थर श्पानिअर यांना मात्र अमेरिकन अधिकाऱ्यांनी अडवले. प्रशियाच्या सरकारी ग्रंथालयातून काढून टाकल्यावर ते होखशूलेत शिकवत होते. आता होखशूलेचा दर्जा उच्च विद्यालयाचा नव्हता, नाझींनी १९३४ मध्ये तो खाली आणला होता. सबब तिथला शिक्षक अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या महाविद्यालयात जाण्यास पात्र नाही, असे कारण पुढे करण्यात आले. छळणाऱ्यांनी मारलेला शिक्का वाचवू शकणाऱ्यांनी जसाच्या तसा ग्राह्य धरला. श्पानिअर हॉलंडला गेले. जर्मन फौजा तिथेही पोचल्या. बर्गेन-बेल्सेनच्या छावणीत त्यांचा अंत झाला.

बर्लिनमध्ये लेओ बेक शिकवतच राहिले. बाहेरून आलेली निमंत्रणे त्यांनी नाकारली होती. जर्मन ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेचे ते प्रमुख होते आणि माणसे मागे असताना आपण जायचे नाही, हे त्यांनी ठरवले होते. १९४२ च्या उन्हाळ्यात सरकारने ज्यूंच्या उरल्यासुरल्या साऱ्या शाळा बंद केल्या, तेव्हा वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच विद्यार्थी होते. त्यांतले हेर्बर्ट श्ट्राउस आणि एर्न्स्ट लुडविग एर्लिख भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निसटले. श्ट्राउस पुढे बर्लिनला परतले आणि तिथल्या तांत्रिक विद्यापीठात ज्यूद्वेषाच्या संशोधनाचे केंद्र त्यांनी चालवले. बेक यांना जानेवारी १९४३ मध्ये टेरेझिनश्टाटला नेण्यात आले. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या त्या माणसाने तिथेही कैद्यांना व्याख्याने दिली. ते वाचले आणि लंडनला गेले.

होखशूलेचेच पदवीधर असलेले वेर्नर फान देर झिल यांनी १९५६ मध्ये लंडनला नवे रब्बी विद्यालय काढले. सुरुवातीला विद्यार्थी दोनच. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेक वारले आणि विद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. लंडनमध्ये बेक यांचे मार्गदर्शन लाभलेले, आउश्वित्झमधून वाचलेले ह्यूगो ग्रिन १९५७ मध्ये रब्बी होऊन पहिल्या नेमणुकीवर मुंबईला आले, ते डॉ. झिराड यांच्या संस्थेत. लेओ बेक कॉलेजने १९७५ मध्ये जॅकलिन टॅबिक यांना, ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री रब्बीला, दीक्षा दिली. बर्लिनची जुनी इमारत आज लेओ बेक यांच्या नावाने ओळखली जाते आणि जर्मनीतल्या ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेचे कार्यालय तिथे आहे.

पुस्तकांचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. होखशूलेच्या ग्रंथालयात सुमारे साठ हजार पुस्तके होती. नाझींच्या सुरक्षा खात्याने ती जप्त केली. काही टेरेझिनश्टाटला गेली, युद्धानंतर काही प्रागला, काही जेरुसलेमला पोचली, बाकीची कुठे कुठे विखुरली. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात दुर्मिळ हिब्रू ग्रंथ आणि हस्तलिखिते विकायला आली आणि ती होखशूलेची असल्याचे उघड झाले. होखशूलेच्याच एका माजी प्राध्यापकाने ती युद्धाच्या सुरुवातीला जर्मनीबाहेर काढून वाचवली होती. विद्यालयाच्या चालकांनी ती आपल्याला दिली, असे त्यांचे म्हणणे होते. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला. ज्या संस्थेवर ना सरकारचा हक्क होता ना सिनॅगॉगचा, तिचा वारस कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. १९८५ मध्ये तडजोड झाली आणि त्यांतले अनेक ग्रंथ अभ्यासकांना खुल्या असलेल्या ज्यू संस्थांच्या ग्रंथालयांकडे गेले. आता लेओ बेक इन्स्टिट्यूटने 'हरवलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय' नावाचा शोध हाती घेतला आहे. देशोदेशीचे वाचक आणि ग्रंथपाल आपल्याकडच्या जुन्या हिब्रू-जर्मन पुस्तकांत या विद्यालयाचा शिक्का शोधतात आणि सापडलेले पुस्तक नोंदवून कळवतात.